सुगराबीच्या दोन इद्दती

एका नवऱ्यासाठी बाई इद्दतीत बसते ती एकदाच. निकाह मोडला तर तीन महिने, नवरा वारला तर चार महिने दहा दिवस. तेवढ्या मुदतीत तिने घर सोडायचं नाही, नटायचं नाही, दुसऱ्या लग्नाचं नाव काढायचं नाही. नाशिकच्या द्वारका चौकातली सुगराबी पिंजारीण मात्र एकाच नवऱ्यासाठी दोनदा इद्दतीत बसली. पहिल्यांदा बस म्हणून सांगितलं गेलं तेव्हा बसली, आणि दुसऱ्यांदा बसायचं कारण नाही असं सांगितलं गेलं तेव्हाही बसली. बाई हट्टी होती असं म्हणणारे पुष्कळ आहेत. ती हट्टी होतीच, पण तेवढ्याने तिची गोष्ट संपत नाही.

नवऱ्याचं नाव नथ्थू. तो देवळ्याचा, ती सटाण्याची. लग्नानंतर काही वर्षं तो खांद्यावर पिंजण टाकून बागलाणातल्या गावोगाव गाद्या पिंजत हिंडला, आणि मग दोघं नाशिकला आली. द्वारका चौकाच्या थोडं पुढे, मालेगावकडे जाणारे ट्रक जिथे वेग घ्यायला लागतात तिथे, त्यांनी एक गाळा घेतला. पुढे रस्त्यावर दुकान, मागे खोली आणि चूल, त्यामागे बोळ. दुकान आणि घर यांच्या मधे एक दार. नथ्थू कापूस पिंजून खोळीत भरायचा, सुगराबी दाभण घेऊन टाके घालायची. कापसाने भरलेल्या त्या दुकानात दोघांच्या पापण्या सदा पांढऱ्या असायच्या आणि त्यावरून दोघं एकमेकांना हसायची.

पिंजाऱ्याच्या धंद्यात एक गोष्ट सगळे करतात. जुन्या गादीतला मळका कापूस मधे घालायचा, वरखाली नव्याचा थर द्यायचा, खोळ शिवून टाकायची. आत कोण बघायला जातं? नथ्थूला ते जमत नसे. गिऱ्हाईकाने विचारायच्या आधीच तो सांगून मोकळा व्हायचा, "यात निम्मा जुना हाय बरं का." गिऱ्हाईक बिचकायचं. सुगराबी आतून कपाळावर हात मारून घ्यायची. "विचारलं होतं का त्यांनी?" असं ती नंतर म्हणायची, आणि तो म्हणायचा, "झोपनार ते हायेत त्याच्यावर, आपन नाय." रागावली तरी मनातून तिला याच गोष्टीचा अभिमान होता.

त्याची श्रद्धा कधी गेली ते कुणालाच सांगता येणार नाही, त्यालासुद्धा नाही. एका दुपारी लोड शिवता शिवता तो सहज म्हणाला होता, "सुगरा, मी नमाजला उभा राहतो ना, तर समोर कुनीच नसतं. लय दिवस झाले." सुगराबीला वाटलं पित्त झालं असेल. तिने जिऱ्याचं पाणी करून दिलं, त्याने ते गुमान प्यायलं. पुढे त्याचं मशिदीत जाणं थांबलं. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मशिदीत न जाणाऱ्यांची मोहल्ल्यात काही कमी नव्हती, आणि ते सगळे चांगले मुसलमान म्हणून सुखाने नांदत होते. नथ्थूही नांदला असता.

पण पंचाण्णव सालच्या थंडीत शेजारच्या घरी निकाह निघाला. निकाहला दोन गवाह लागतात. त्यातला एक गवाह चांदवडला एसटी बंद पडल्यामुळे अडकून बसला. वेळ टळायला लागली. मशिदीचे हाफिजजी, मालेगावचे, तेव्हा तिशीतले, त्यांनी मंडपात नजर फिरवली. पुढेच नथ्थू बसलेला, वयाने मोठा, शब्दाचा पक्का. "नथ्थूभाई, या," ते म्हणाले.

नथ्थू उठला, पुढे गेला आणि हात जोडून उभा राहिला. "मला गवाह करू नका हाफिजजी. गवाह मुसलमान लागतो. मी आता त्यातला राहिलो नाय."

कुणाला वाटलं मस्करी करतोय. एक-दोघं हसलेसुद्धा. नथ्थू शांतपणे पुढे म्हणाला, "उद्या कुनी खोट काढली तर पोरीच्या संसाराचे वांदे होतील. दुसरा बघा कुनी."

अहो, पोट दुखतंय म्हणाला असता तरी चाललं असतं! लघवीला जाऊन येतो म्हणून बाहेर पडला असता तरी दुसरा गवाह उभा राहिला असता. पण जो कायदा आपण मानत नाही त्या कायद्यात दुसऱ्याच्या पोरीचं नुकसान नको, म्हणून या माणसाने भर मंडपात स्वतःचं सांगून टाकलं. जुना कापूस सांगितल्यासारखं. दुसरा गवाह मिळाला, निकाह झाला, बिर्याणी वाढली गेली. नथ्थूच्या पंक्तीला दोन्ही बाजूंच्या जागा मोकळ्या राहिल्या. त्याने एकट्याने जेवून घेतलं आणि घरी आला.

दुसऱ्या दिवशी हाफिजजी आले ते दुकानात न थांबता बोळाने मागच्या दाराशी आले. त्यांच्या मागोमाग चार तरुण पोरं होती, आणि त्यांतला एक मोठमोठ्याने म्हणत होता की अशा माणसाला जिवंत ठेवायचा नसतो, किताबात लिहिलंय. हाफिजजींनी मागे वळून त्याला झापलं. "किताबात लिहिलंय ते काझीसाठी आणि राज्यासाठी. तू काझी आहेस? तुझं राज्य आहे? घरी जा, आणि फजरच्या नमाजला उठत जा आधी." पोरं गेली. हाफिजजी कडक होते पण वाईट नव्हते, हे सुगराबी शेवटपर्यंत म्हणत असे.

मग त्यांनी खाली बघत तिला सांगितलं. मर्दाने दीन, म्हणजे धर्म, सोडला की निकाह त्याच क्षणी तुटतो. तलाक म्हणावा लागत नाही, कागद लागत नाही. काल दुपारपासून नथ्थू तिचा नवरा नाही. तिने त्याच्यासमोर डोकं झाकायचं, त्याच्याबरोबर एका छताखाली एकटं राहायचं नाही. त्याने तोबा केली, मनापासून कलमा पढला, तर नवा मेहर बांधून पुन्हा निकाह लावता येईल, पाव तासाचं काम आहे. तोवर ती त्याला परकी आणि तो तिला परका.

"मी माहेरी जाऊ का?" सुगराबीने विचारलं.

"नाही. इद्दत नवऱ्याच्या घरातच काढायची असते. तू इथेच बसायचं. जायचं तर त्याने."

सटाण्याहून तिला न्यायला आलेला भाऊ हे ऐकून तसाच परत गेला. नथ्थूने आपली वळकटी उचलली आणि पुढच्या दुकानात नेली. मधल्या दाराला सुगराबीने आपल्या बाजूने कडी घातली. हाफिजजींनी बघून सांगितलं की दुकानाला रस्त्याचं शटर आहे, घराला बोळाचं दार आहे, मधे कडी आहे, म्हणजे ही दोन घरं झाली. तिची पहिली इद्दत अशी सुरू झाली, आणि इद्दत संपली तरी कडी तशीच राहिली.

तिला हाफिजजींचा राग आला नाही. ते किताबात होतं तेच बोलले. किताबावर तिचा पूर्ण विश्वास होता आणि तो कधीच हलला नाही. राग आला तो नथ्थूचा. इतक्या वर्षांचा संसार, चौदा वर्षांची पोर अनिसा, आणि याला गवाहीची पडली! ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली, कारण दारापलीकडून कापूस पिंजायच्या मशीनचा आवाज यायला लागला होता आणि एका देवळ्याच्या गिऱ्हाईकाच्या गादीला टाके घालायचे राहिले होते.

एक वकील उशा भरून घ्यायला आले होते, त्यांच्या कानावर हे गेलं. ते म्हणाले, कोर्टात गेलात तरी हेच निघेल. वर हसून सुगराबीला म्हणाले, "गंमत बघा, बाईने धर्म सोडला तर नुसत्या तेवढ्याने निकाह मोडत नाही, असा कायदा आहे. त्यांच्याऐवजी तुम्ही सोडला असता तर तुमचं लग्न टिकलं असतं." सुगराबीला यात गंमत कुठे आहे ते कळलं नाही. तिने उशा बांधून दिल्या.

मोहल्ल्याने नथ्थूला मारलं नाही की हाकललं नाही. फक्त त्याला बघायचं सोडून दिलं. त्याच्या सलामाला उत्तर येईना, त्याच्या दुकानातला चहा कुणी घेईना, आजूबाजूची एकही खोळ त्याच्याकडे येईना. धंदा तगला तो बाहेरगावच्या लोकांवर आणि ट्रकवाल्यांवर. त्यातला मुख्य धनराज. हा देवळ्याचा कांदेवाला, नथ्थूचा लहानपणचा दोस्त. नाशिकला कांदा उतरवला की रिकामा पिकअप घेऊन दुकानासमोर थांबायचा आणि सगळ्यांच्या देखत नथ्थूच्या हातचा चहा भुरके मारत प्यायचा.

आणि घरात काय झालं म्हणाल, तर हसू येईल असं झालं. परक्या पुरुषाशी कामापुरतं बोलावं, म्हणून सुगराबी नथ्थूशी थेट बोलेना. आधी अनिसाच्या मार्फत बोलणं चाले. अनिसा शाळेत गेली की पंचाईत. मग मधल्या दाराशी बांधलेली शेळी कामाला आली. सुगराबी शेळीला म्हणायची, "सांग त्यांना, चहा फळीवर ठेवलाय." पलीकडून नथ्थू म्हणायचा, "शेळीबाई, साखर कमी हाय म्हनावं." "साखर तेवढीच मिळेल म्हनावं. खोकला कोनाला शे?" सटाण्याचं 'शे' तिच्या तोंडून रागातच निघायचं. तो खोळ भरून दाराशी ठेवायचा, दार वाजवून बाजूला व्हायचा. ती कडी काढून, पदर पुढे ओढून, खोळ आत घ्यायची. टाके घालून परत तशीच ठेवायची. शेळ्या दोन-तीन बदलल्या, बोलणं तेच राहिलं. त्यांच्या दुकानाची गादी पूर्वीइतकीच सरळ आणि घट्ट भरलेली निघायची, कारण ती दोघांच्या हातची होती.

रोज पाचही नमाजांनंतर सुगराबी एकच दुआ मागायची, की यांचं मन वळू दे. पाव तासाचं काम, एवढं तिला पाठ झालं होतं. कडी काढली जाईल, वळकटी परत आत येईल. तिने नव्या निकाहसाठी एक हिरवा दुपट्टासुद्धा आणून पेटीच्या तळाशी ठेवला होता. हे तिने अनिसालाही सांगितलं नाही.

अनिसा अठरा वर्षांची झाली आणि येवल्याकडचं स्थळ आलं. माणसं बरी होती. त्यांनी एकच अट घातली, बाप मंडपात दिसायला नको. तसाही तो पोरीचा वली, म्हणजे तिच्या वतीने निकाह लावून देणारा पालक, म्हणून बसू शकत नव्हता. ती जागा त्याच्या धाकट्या भावाला, गनीला, द्यायची ठरलं.

लग्नाला आठवडा असताना एका दुपारी मधलं दार वाजलं. सुगराबीला वाटलं खोळ आली. पण नथ्थू शेळीला न सांगता थेट बोलला, चार वर्षांत पहिल्यांदा. "सुगरा, हाफिजजीला बोलाव. मी पढतो कलमा."

तिचा हात कडीवर गेला. जे मागत होती ते दाराशी येऊन उभं होतं. कडी अर्धी सरकली होती, तेवढ्यात तिने विचारलं, "मनातून?"

पलीकडे मशीन बंद होतं.

"पोरीसाठी," तो म्हणाला.

"पोरीसाठी ते कळलं. मनातून का?"

"तुला मी कधी खोटं सांगितलं नाय."

"मग राहू द्या."

"सुगरा, दोन ओळी तर हायेत. हाफिज काय छाती उघडून बघनार नाय."

"ते नाय बघनार. पन मला ठाऊक राहील ना! तुम्ही आत याल, निकाह होईल, आन् रोज सकाळी उठून मला ठाऊक राहील की हा निकाह निकाह नाय. गिऱ्हाईकाला जुना कापूस सांगून देता, आन् मला नवा म्हनून देनार का?"

तिने कडी परत घातली. मग ती चुलीपाशी बसून रडली, तोंडात पदराचा बोळा कोंबून, म्हणजे पलीकडे ऐकू जायला नको. तिला तो हवा होता. खोटा कलमा पढून आलेला का होईना, हवाच होता, आणि तरी तिने कडी घातली. त्या दुपारी तिला स्वतःचाच फार राग आला.

अनिसाच्या लग्नाची गादी दोघांनी केली. सगळा कापूस नवा, यवतमाळकडचा, मागवलेला. निकाहच्या वेळी नथ्थू दुकानाच्या पायरीवर धनराजबरोबर बसून राहिला. वरात निघाली आणि नवरीची जीप बरोब्बर दुकानासमोर द्वारकेच्या कोंडीत अडकली. ही कोंडी सबंध शहराला छळते, पण त्या दिवशी तिने एकाचं काम केलं. नथ्थू पायरी उतरला, जीपच्या खिडकीतून हात घालून त्याने पोरीच्या डोक्यावर ठेवला. अनिसाने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. व्याही दुसरीकडे बघत राहिले. ट्रक हलले, जीप निघाली.

त्यानंतर आणखी सहा-सात वर्षं दार, कडी आणि शेळी यांत गेली. मग नथ्थूच्या छातीने दगा दिला. आयुष्यभर नाकातोंडातून गेलेली कापसाची धूळ आत साठली होती. धनराज त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला आणि डॉक्टरांनी गोळ्या देऊन, फार काही होणार नाही असं सांगून, परत पाठवलं. दारापलीकडे तो खोकायचा आणि अलीकडे सुगराबीच्या हातातलं दाभण थांबायचं.

ती हाफिजजींकडे गेली. त्यांची दाढी आता पांढरी व्हायला लागली होती. तिने विचारलं, "आजारी माणसाची सेवा करायची तर?"

"आजारी शेजाऱ्याची सेवा तर करायलाच पाहिजे," हाफिजजी म्हणाले. "एकांत नको. शटर उघडं ठेव."

तेव्हापासून सुगराबीने मधली कडी काढली, पण ती दुकानात असेपर्यंत शटर कायम वर असायचं. समोरून ट्रक, रिक्षा, शाळेची पोरं, भाजीवाले, अख्खी द्वारका जात असायची, आणि ती डोक्यावरून पदर घट्ट घेऊन नथ्थूला पेज पाजत असायची. कांद्याचे ट्रकवाले हॉर्न देऊन "नथ्थूशेठ, बरं हाय का?" विचारायचे. शेळीची आता गरज उरली नव्हती. दोघं थेट बोलत. काय बोलायचे? कुठल्या गावात कुणाची गादी भरली, कोणाच्या लग्नात खोळी कमी पडल्या, अनिसाच्या पोराला दात आले का, हेच.

एकदा तो म्हणाला, "माझ्यासाठी कबरस्तानात जागा मागू नको. भांडू नको कुनाशी. ते नाय म्हननार, आन् त्यांच्या जागी त्यांचं बरोबर हाय. धनराजच्या मळ्यात विहिरीजवळ जागा हाय, त्याला बोललोय मी."

धनराजची म्हातारी आई चतुराबाई अजून होती. ती म्हणाली होती म्हणे, "जल्मभर आमाला झोपायला गादी दिली त्यानं, आन् त्याला झोपायला आमच्यात जागा नाय का?" सुगराबीने हे ऐकून मान खाली घातली. तिच्या मनात कबरस्तान होतं. आपण मेल्यावर तिथे जाणार आणि हा देवळ्याच्या मळ्यात एकटा, हे तिला सहन होत नव्हतं.

पावसाळा संपत आला होता, वेळ दुपारची होती. नथ्थूचा श्वास लागला. गनीला निरोप गेला, धनराज नाशिकातच होता तो आला. मरणाऱ्याच्या कानाशी कलमा पढायचा असतो, म्हणजे तो ऐकून तोही पढतो. सुगराबी त्याच्या डोक्याशी बसली आणि हळू आवाजात पढायला लागली. तो डोळे उघडून तिच्याकडे बघत होता.

"तुम्ही पन म्हना," ती म्हणाली. आयुष्यात तिने त्याला असं मागितलं ते याच वेळी.

त्याने मान हलवली. "तू म्हन," तो म्हणाला. "तुझ्या तोंडून बरं वाटतं."

ती म्हणत राहिली. समोर ट्रक जात राहिले. तो ऐकता ऐकता गेला.

तासाभरात हाफिजजी आले. दुकानाबाहेर मोहल्ल्याची बरीच माणसं जमली होती. इतकी वर्षं न बघणारी तीच माणसं आता कडेला उभी होती, आणि कुणी खरोखर वाईट वाटून. मरणाने माणसं नरमतात. हाफिजजी पायरीपर्यंत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सुगराबी, शेवटी तू जवळ होतीस. तो कलमा पढला का? तू हो म्हण. तुझा शब्द पुरे आहे. आत्ता गुसल होईल, जनाजा उठेल, कबरस्तानात जागा होईल."

नुकत्याच पोचलेल्या गनीने तिच्याकडे बघितलं, त्याचे डोळे तिला हो म्हण म्हणून विनवत होते. हाफिजजींच्या चेहऱ्यावरही तेच होतं, हे तिला स्पष्ट दिसलं. एक शब्द होता. बघणारं, ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं. धनराज होता, पण तो मित्रासाठी हजार खोटं बोलला असता. एका शब्दात नथ्थू परत आपल्यात आला असता, तिच्या शेजारी मातीत झोपला असता. सुगराबीला वाटलं, म्हणून टाकावं. शब्द जिभेपर्यंत आला होता.

पण गवाही होती ना ती. भर मंडपात हात जोडून उभा राहिलेला नथ्थू तिला आठवला.

"कलमा मी पढले," ती म्हणाली. "ते ऐकत होते."

"आणि तो?"

"नाय."

हाफिजजींनी डोळे मिटले. मग ते मागे झाले. गनी मटकन पायरीवर बसला आणि ढसाढसा रडायला लागला. शेवटी त्यानेच धनराजच्या मदतीने भावाला आंघोळ घातली. दुकानातल्या कोऱ्या खोळीच्या कापडात त्याला गुंडाळलं. धनराजने पिकअप मागे घेतला, कांद्याची रिकामी पोती अंथरली. जनाज्याची नमाज झाली नाही. हाफिजजी मात्र घरी गेले नाहीत. रस्त्यापलीकडे, चहाच्या टपरीशेजारी, पिकअप चौकातून वळेपर्यंत ते उभे होते.

पिकअप दिसेनासा झाला तेव्हा सुगराबीने हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या. आतून तिने शटर ओढलं. ती दुकानात असताना ते शटर अकरा वर्षांत पहिल्यांदाच खाली आलं.

दोन दिवसांनी बायका बोळाच्या दाराने भेटायला आल्या तर घर रिकामं. मधलं दार सताड उघडं, आणि सुगराबी दुकानात, नथ्थूच्या वळकटीवर, पांढरी ओढणी घेऊन तसबीची माळ ओढत बसलेली. एकीने विचारलं, बाहेर येतेस का, तर म्हणाली, इद्दतीत आहे. बायका चक्रावल्या. जिचा निकाह अकरा वर्षांपूर्वी तुटला तिला विधवेची इद्दत कसली? गोष्ट हाफिजजींपर्यंत गेली.

ते आले आणि शटरबाहेर उभे राहून बोलले. "सुगराबी, तुझ्यावर ही इद्दत नाही. तू त्याची बेवा नाहीस. तुझी इद्दत तेव्हाच संपली."

"मला ठाऊक शे, हाफिजजी," आतून आवाज आला. "तुम्ही सांगितलं ते सगळं पाळलं मी. अकरा वर्षं पाळलं. कडी घातली, पदर घेतला, शटर उघडं ठेवलं. परवा खरं ते सांगितलं. पाळलं का नाय?"

"पाळलंस. तुझ्यासारखं कुणी पाळलं नाही."

"मग आता एवढं बसू द्या. गुनाह असेल तर सांगा."

घरात बसून राहण्याला गुनाह कसा म्हणायचा, ते कुठल्याच किताबात हाफिजजींनी वाचलं नव्हतं. "गुनाह नाही," ते शेवटी म्हणाले. "पण मग आपल्या घरात बस ना. तुझं घर मागे आहे. इथे दुकानात कापसात कशाला?"

"तुम्हीच सांगितलं होतं," सुगराबी म्हणाली, "इद्दत नवऱ्याच्या घरात काढायची असते."

हाफिजजी मशिदीकडे न जाता बोळाने वळून मागच्या दाराशी गेले, अंगणात धुणं वाळत घालणाऱ्या शेजारणीला हाक मारली आणि म्हणाले, "सुगराबी चार महिने दहा दिवस बाहेर येणार नाही. तिचं दूध, भाजी, काय लागेल ते बघत जा. आणि शेळीला चारा घाला."